आठ म्हणजे अडीच सूत

बुधवार, ८ फेब्रुवारी १९३३. ठिकाण : कडावच्या अलीकडची भाताची मोकळी शेतं. वेळ : सकाळी नऊ ते दुपारी तीन. हजर : फिटर राघो मिस्त्री, भिसेगावच्या भातगिरणीचे मालक, म्हणजे आमचे शेठ, कडावचे पाटील, फावडी घेऊन आलेले गडी एकोणीस, बैलगाड्या दोन, विमान एक, विमानवाला साहेब एक, आणि मी, गिरणीचा सामानकारकून. बघ्यांची मोजदाद केली नाही.

वरची नोंद मी त्याच संध्याकाळी केली. काय आलं, काय गेलं, कोण होतं, हे लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही. राघो मिस्त्री मला 'यादीवाले' म्हणत. रागाने नव्हे, पण कौतुकानेही नव्हे.

मिस्त्री आमच्या गिरणीत फिटर होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ठेंगणा, रुंद बांधा, कानामागे खडू, आणि चालताना मान जरा डावीकडे कललेली. ही मान यंत्राचा आवाज ऐकून ऐकून तशी झाली असं ते सांगत. गिरणीचं तेलाचं इंजिन जर्मन बनावटीचं होतं, त्याची मापं मिलिमीटरमध्ये. बाकी कर्जत-खालापुरात जेवढं म्हणून लोखंड आणि लाकूड होतं ते सगळं इंच आणि सुतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. सुतार, लोहार, गवंडी, सगळे सुतातच बोलत. त्यामुळे आमच्या गिरणीत दोन राज्यं होती आणि त्यांच्या सीमेवर मिस्त्री उभे.

ते आकड्यावर काम करत नसत. मोडलेला भाग समोर ठेवायचा, कंपास लावायचा, तोच कंपास नव्या लोखंडाला लावायचा. मधे आकडा येऊच द्यायचा नाही. लांबीसाठी बांबूच्या पट्ट्या कापून ठेवत. हरेक यंत्राची एक पट्टी. तीसेक पट्ट्या कारखान्याच्या भिंतीला सुतळीने टांगलेल्या असत, आणि अंधुक उजेडातही कोणती पट्टी कुणाची हे ते हात लावून सांगत.

"आकडा तोंडानं सांगत्यात," ते म्हणत, "आणि तोंड चुकतंय. वस्तू चुकत नाय."

एकदा खालापूरच्या एका गिरणीवाल्याने आमच्या पट्टा फिरवणाऱ्या दांड्याची लांबी पत्राने विचारली. मी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं. मिस्त्रींनी ते पत्र घडी करून माझ्याच खिशात घातलं आणि नऊ फुटांचा बांबू बैलगाडीने पाठवला. गिरणीवाला चिडला. पोस्टात मावेल ते मागितलं होतं, गाडीभर आलं, असं त्याने शेठना कळवलं. दांडा मात्र पहिल्याच खेपेला बसला.

नट आणि बोल्टाच्या बाबतीत तर ते हट्टीच होते. नट हरवला तर नुसता नट देत नसत. बोल्टही काढून घेत आणि दोन्ही नवे, एकाच हत्याराने आटे, म्हणजे फिरत्या खाचा, पाडून, जोडीने देत. "ह्यांचं लगीन लागल्यालं असतंय रं. एकीला उचलून दुसऱ्याच्या घरात घातली तर ती नांदंल का?" आणि नट बसवण्याची त्यांची एकच रीत होती : तो बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाना लावायचा तो शेवटच्या अर्ध्या फेऱ्यासाठी. त्याआधी कुणी पान्याला हात घातला तर हातावर खडू मारत.

शेठनी मुंबईहून पितळेची पट्टी आणली. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिलिमीटर. मिस्त्रींनी ती उलटसुलट करून पाहिली. "एका पोरीला दोन सासरं. कुठं नांदायचं ते आधी ठरवा, शेठ."

पण मला माल मागवायला आकडे लागत. मी त्यांच्या मागे लागून एक कोष्टक करून घेतलं. तीन मिलिमीटर म्हणजे एक सूत, किंचित कमी. सहा म्हणजे दोन सूत, किंचित कमी. तेरा म्हणजे चार सूत, किंचित जास्त. आठ म्हणजे अडीच सूत, बरोबर. मी ते चांगल्या शाईने लिहून सामानाच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलं. मिस्त्रींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"झ्याक हाय. दाराला राहू द्या. हातात घिऊन काम करू नका म्हंजे झालं."

त्या बुधवारी सकाळी विमान आलं तेव्हा आम्ही गिरणीतच होतो. डोंगराच्या बाजूने आवाज आला, आणि मिस्त्रींची मान कलली. "इंजिन हलतंय," ते म्हणाले. "चालतंय न्हवं. हलतंय." थोड्या वेळाने कडावहून सायकलवर निरोप आला की विमान शेतात उतरलंय आणि माणूस जिता आहे. शेठनी टांगा जोडायला सांगितला.

साहेब तरुण होता, फ्रान्सकडचा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेतलं. एवढं कळलं : तो मुंबईहून पुण्याला आणि तिथून दक्षिणेला चालला होता, एकटाच. इंजिन ज्या चार आटेदार खुंट्यांवर बसतं त्यांतल्या दोन खुंट्यांचे नट कंपनाने सुटून पडले होते. नट कुठे पडले ते देव जाणे. एखादा आकाशात, एखादा शेतात.

आधी उडायच्या जागेचा प्रश्न होता. साहेब म्हणाला, दोनशे मीटर सपाट जमीन हवी. पाटलांनी विचारलं, म्हणजे किती हात? मी हिशेब मांडायला वही काढली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबाच्या घडीच्या मापपट्टीला बांबू लावला, मीटरभर कापला, आणि तो बांबू शेतात दोनशे वेळा ठेवत गेले. एकोणीस गड्यांनी मधले बांध सपाट केले. साहेब ते अंतर चालून आला आणि त्याने मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली.

मग नट. मिस्त्रींनी खुंट्या पाहिल्या. आटे कंपनाने घासले होते, वर तेलाचा आणि धुळीचा थर. ते शेठना म्हणाले, "दोन दिवस द्या. इंजिन उचलतो, खुंट्या काढतो, नव्या कातून जोडीनं नट करतो."

मी साहेबाला सांगितलं. त्याने मान हलवली. घड्याळ दाखवलं, सूर्य दाखवला. आज.

शेठ हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, पाटलांसमोर मी शब्द दिलाय. आपल्या गिरणीचं नाव आहे."

"नाव ऱ्हाईल. माणूस बी ऱ्हायला पायजे."

साहेबाने खुंटीकडे बोट दाखवून बोटांनी आठ केले. आठ मिलिमीटर. तेव्हा जो बोलला तो मी.

"आठ म्हणजे अडीच सूत," मी म्हणालो. "बरोबर. अडीच सुती नट आपल्याकडे आहेत."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "हायत?"

"चौदा आहेत."

त्यांनी खुंटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणा."

मी निरोप्याची सायकल घेऊन भिसेगावला गेलो आणि दोन नट घेऊन परत आलो. मिस्त्रींनी पहिला नट खुंटीवर बोटांनी फिरवला. दोन फेरे गेला आणि थांबला. त्यांनी उलटा काढला, खुंटी पुसली, परत फिरवला. पुन्हा दोन फेरे. मी शेजारीच होतो. त्यांचं तोंड मला दिसत होतं. ते म्हणाले, "आटे ठेचल्यात." ते मला सांगत होते की स्वतःला, हे मी तेव्हा विचारलं नाही. मग त्यांनी पाना मागितला. नट कुरकुरत दीड फेरा आणखी गेला आणि असा घट्ट बसला की साहेबाने इंजिनाला दोन्ही हातांनी हिसके दिले तरी हललं नाही. दुसराही तसाच बसला.

तीनच्या सुमारास विमान उडालं, एकदा गावावर फिरलं आणि घाटाकडे गेलं. लोक टाळ्या वाजवत होते. मिस्त्री आवाज ऐकत होते, मान कलवून, आवाज संपल्यावरही.

जाताना त्यांनी एक गोष्ट केली. कडावच्या पलीकडच्या ठाकरवाडीतली बाया-माणसं लाकडाच्या मोळ्या घेऊन परतत होती. त्यांना ते म्हणाले, "शेतात असा लोखंडी नट कुणाला गावला तर मला गिरणीत आणून द्या." सवयच होती. मूळ वस्तू जवळ हवी.

सहाव्या दिवशी जानी नावाची ठाकरीण कोंडा न्यायला गिरणीत आली. तिच्याबरोबर शेळी होती आणि शेळीच्या गळ्यात दोरीला नट ओवलेला.

"ह्यो का तुजा?" तिने विचारलं. "आमाला बांधाच्या कडंला गावला. शेळीला बरा दिसतो म्हून बांधला."

"बरा दिसतो," मिस्त्री हसले. "पर मला दे गं बाय. शेळीला घुंगरू देतो."

त्यांनी नट सोडून घेतला, पुसला, आणि माझ्याकडून अडीच सुती बोल्ट मागितला. नट बोल्टावर ठेवून बोटांनी फिरवला. दोन फेरे गेला आणि थांबला.

हा नट ठेचलेला नव्हता. बोल्ट कोरा होता. जाडी तीच, केसाचा फरक. पण आटे वेगळे. साहेबाच्या नटाचे जवळजवळ, आमच्या बोल्टाचे दूरदूर. दोन फेरे ते एकमेकांना चालवून घेतात, मग अडतात, आणि अडण्यालाच माणूस घट्टपणा समजतो.

मिस्त्री खाली बसले. जानी कोंड्याची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. "काय झालं? ह्यो नव्हं का?"

"ह्योच हाय," ते म्हणाले.

पुढच्या अर्ध्या तासात आम्ही कर्जत स्टेशनच्या तारघरात होतो. मी मजकूर मनात तयार केला होता : इंजिनाचे दोन नट चुकीचे, उडू नये. तारमास्तरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "विमानवाल्याचं नाव?"

मी वही उघडली. फावडेवाले एकोणीस. बैलगाड्या दोन. साहेब एक.

"नाव माहीत नाही," मी म्हणालो.

"विमानाचा नंबर? पंखावर अक्षरं असतात."

तीही मी लिहिली नव्हती. मिस्त्रींना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्यांनी कानामागचा खडू काढला आणि तारघराच्या फरशीवर गुडघे टेकले. "पयली एक उभी कांब, तिला उजवीकडं दोन फळ्या. मंग आडवी रेघ. मंग शिडी, वर जुळल्याली, मदी एक पायरी. मंग गुण्या. मंग चाक." काढत गेले, एकेक हातभर उंच. तारमास्तर खुर्चीवरून वाकून वाचत होते : एफ, ए, एल, ओ.

"आणि शेवटचं?"

मिस्त्रींचा हात फरशीवर थांबला. फार वेळ थांबला. पाचवं अक्षर आलं नाही.

तारा गेल्या : पुणे, बेळगाव, बंगळूर, मद्रास. विमान उतरत असेल तिथल्या अधिकाऱ्यास. पाठवणाऱ्याचं नाव विचारल्यावर मी गिरणीचं नाव सांगणार होतो. मिस्त्री म्हणाले, "राघो मिस्त्री लिवा." तसं लिहिलं.

दोन दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं. असं विमान बुधवारी उतरलं होतं, तेल घेतलं, गुरुवारी सकाळी दक्षिणेला गेलं. बाकी तिन्ही ठिकाणांहून काही आलं नाही.

"पुण्यापर्यंत गेलं," मी म्हणालो. "म्हणजे नट बसले असतील."

"पुण्यापतुर गेलं म्हंजे पुण्यापतुर टिकले." त्यांनी कागद परत दिला.

त्यानंतर मुंबईचं वर्तमानपत्र गाडीने येई त्या वेळी ते रोज माझ्याबरोबर स्टेशनवर येऊ लागले. मी ते वाचून दाखवायचो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कारण मी काही गाळतोय असा त्यांना संशय येई.

"काही नाही," मी म्हणे.

"काय नाय म्हंजे?"

"विमान पडल्याची बातमी नाही."

"बातमी नाय म्हंजे पडलं नाय, का पडल्यालं कुणी बघितलं नाय?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

भात कांडण्याचा हंगाम भरात होता. एका सकाळी मिस्त्रींनी चालू इंजिन बंद केलं आणि त्याचा एकेक नट उतरवून घोंगडीवर मांडायला सुरुवात केली. पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, गाडीवाले खोळंबले होते. शेठ धावत आले.

"मिस्त्री, इंजिन चालतंय. चालत्या इंजिनाला हात कशाला?"

"त्ये बी चालतच हुतं, शेठ."

सगळं तपासून परत बसवायला दोन दिवस गेले. एकही नट चुकीचा निघाला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा उतरवायला घेतलं. तेव्हा शेठनी, वाईट वाटून पण ठाम, त्यांना घरी बसायला सांगितलं. मिस्त्रींनी वाद घातला नाही. हत्यारांची पिशवी उचलली आणि भिंतीवरच्या पट्ट्या तशाच ठेवून निघून गेले.

घरी ते बसले नाहीत. वीस-बावीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या यंत्राला हात लावला होता ते शोधत ते हिंडू लागले. कडावचा पाणी ओढायचा पंप. खालापूरची गिरणी, बांबूवरून दांडा बसला होता ती. खोपोलीतलं लाकूड कापायचं यंत्र. दारात उभे राहून म्हणत, "माझं काम हाय, फकस्त बघतो." पहिल्यांदा लोक चहा देत. दुसऱ्यांदा गेले की दार लावून घेत. खालापूरच्या गिरणीवाल्याने तर पोलीसपाटलाला बोलावलं. मिस्त्री पायरीवर बसून राहिले आणि यंत्र बंद पडायची वाट पाहत राहिले, कारण बंद असताना तरी बघू देतील.

त्यांची बायको पार्वतीबाई एकदा गिरणीत आली. "भावजी, तुमचं ऐकतील त्ये. जेवाया बसले का भाकरी ताटात ठिवून बोटं फिरवीत बसत्यात. दोन फेरे, की थांबत्यात. परत दोन फेरे. मी ईचारलं, काय करताय? म्हणले, आठवतोय."

मी गेलो. त्यांना सांगितलं की तुमची चूक नव्हती, दोन दिवस तुम्ही मागितले होते, शेठनी घाई केली, साहेबाने घाई केली. ते ऐकून घेत होते. आणखी एक वाक्य, माझ्या आकड्याचं, तोंडाशी आलं होतं. ते मी बोललो नाही. मिस्त्रीही ते माझ्याऐवजी कधी बोलले नाहीत. शेवटी ते म्हणाले, "घाई कुणी बी करू द्या. बोटाला कळलं हुतं, भाऊ. बोट थांबलं हुतं. मी पाना मागितला."

शेवटचं पाहिलं ते १९३५च्या मे महिन्यात, खोपोलीला शिळफाट्यावर. मी तेलाच्या पिंपांसाठी गेलो होतो. फाट्यावर मालमोटार उभी होती आणि तिच्या पुढच्या चाकाशी मिस्त्री उकिडवे बसले होते. अंगाने निम्मे झालेले. पिशवी तीच. ड्रायव्हर वरून ओरडत होता, "ए बाबा, उठ की. मला घाट चढायचाय."

"दोन मिन्टं थांब रं. चाकाचे नट बघतो."

"तू लावलेत का?"

"मी नाय लावलं. तू लावल्यास का?"

"मालकाच्या फिटरनं."

"मंग बघाया नको?"

ड्रायव्हर हसला आणि बिडी पेटवली. मिस्त्रींनी सगळे नट बोटांनी चाचपले, मग बाजूला झाले. मोटार निघाली तेव्हा मी त्यांना दिसलो.

"यादीवाले," ते म्हणाले. "बरं झालं गावलात. एक काम हाय तुमच्याकडं."

त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढला. कोरा होता. पिंपावर ठेवून त्यांनी माझ्याच पेन्सिलीने खालच्या अंगाला, अक्षर लावून लावून, 'राघो मिस्त्री' अशी सही केली. एवढंच त्यांना लिहिता येत होतं.

"मुंबईला त्या सायबाच्या मुलखाची कचेरी असंल. तिथं लिवा. ईचारा, जित्ता हाय का. नसंल तर कसं झालं त्ये मी सांगतो म्हणावं, मला बोलवा. नट कुठनं आलं, कुणी बसवलं, समदं लिवा. खरं लिवा. सही आधीच दिलीय, म्हंजे तुमाला वाट बघाया नको."

"लिहितो," मी म्हणालो.

"ह्या महिन्यात?"

"ह्या महिन्यात."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि ते खालापूरच्या रस्त्याला लागले. दुपारचं ऊन होतं. समोरून मोटार आली की ते रस्त्याच्या कडेला थांबत, मान कलवत, ती जाईपर्यंत ऐकत, मग चालू लागत. वळणापर्यंत चार वेळा थांबले.

पुढे ते चौक गावात दिसल्याचं कुणी सांगितलं, कुणी पनवेलला. पार्वतीबाई माहेरी गेली. आता १९३७ चाललं आहे.

पत्राचं काम कुठवर आलं ते लिहितो. कचेरीचा पत्ता मिळाला आहे. पाकिटावर तो घातला आहे. मजकूर मिस्त्रींच्या सहीच्या वर, त्याच कागदावर, स्वच्छ अक्षरात लिहून झाला आहे : तारीख, ठिकाण, विमानाची चार अक्षरं, दोन नट. नट कुणी बसवले ते लिहिलं आहे. आठ म्हणजे अडीच सूत असं कुणी सांगितलं आणि नट कुणी आणून दिले, तेही आता लिहिलं आहे. त्या ओळीला फार दिवस लागले. उत्तर येईल, आणि ते काय असेल हे ठाऊक नाही, हे उशिराचं दुसरं कारण.

मिस्त्रींच्या सहीशेजारी जागा सोडली आहे. माझी सही व्हायची आहे.